४२ ताऱ्यांचा अमेरिकन झेंडा: अस्सल किती, दुर्मिळ किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेचा एक जुना झेंडा हाती आला आहे आणि निळ्या चौकोनात ४२ तारे आहेत. विकणाऱ्याचं म्हणणं, ४२ ताऱ्यांचा झेंडा अमेरिकेने कधीच अधिकृत केला नाही, म्हणून तो अतिदुर्मिळ. हे कितपत खरं, आणि झेंडा त्या काळातलाच आहे हे कसं ताडायचं?

विकणाऱ्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं नाही. ४२ ताऱ्यांचा झेंडा अधिकृत नव्हता, तरी तो बऱ्यापैकी मिळतो. त्याच्या लगतचा ४३ ताऱ्यांचा झेंडा वर्षभर रीतसर अधिकृत होता, आणि तो शोधूनही सापडत नाही. या उलट्या हिशेबाचं मूळ कायद्यात आणि कारखानदारांच्या घाईत आहे.

४ एप्रिल १८१८ च्या कायद्याने तीन गोष्टी ठरवल्या: पट्टे कायम १३, प्रत्येक राज्याला एक तारा, आणि नवा तारा राज्य सामील झाल्यानंतरच्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, चढायचा. तारे कसे मांडायचे याबद्दल कायदा गप्प होता आणि १९१२ पर्यंत गप्पच राहिला. झेंडे शिवणारे मात्र ४ जुलैची वाट बघत बसणारे नव्हते. त्यांचा सगळा धंदा त्याच दिवसाच्या तोंडावर व्हायचा, त्यामुळे पुढच्या जुलैला किती राज्यं असतील याचा अंदाज बांधून माल महिनोन्महिने आधी तयार होत असे. बाजारात दिसणारे बहुतेक अनधिकृत आकडे म्हणजे या कारखानदारांचे चुकलेले अंदाज.

१८८९ मध्ये हा अंदाज फारच चुकला. त्या वर्षी २२ फेब्रुवारीच्या कायद्याने चार नव्या राज्यांना वाट मोकळी झाली: नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा, मोंटाना आणि वॉशिंग्टन. तोवर अधिकृत तारे ३८ होते. २ नोव्हेंबरला दोन्ही डाकोटा आले, ८ ला मोंटाना, ११ ला वॉशिंग्टन. बेरीज ४२. पुढच्या ४ जुलैसाठी ४२ चा माल धडाक्यात निघाला, आणि ३ जुलै १८९० ला, म्हणजे बरोबर आदल्या दिवशी, आयडाहो सामील झालं. कायद्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी अधिकृत आकडा ४३ झाला. पुन्हा आठवड्याभरात, १० जुलैला, वायोमिंग आलं, तेव्हा पुढच्या वर्षीचा आकडा ४४ असणार हेही ठरून गेलं. वर्षभरात जुना होणारा ४३ चा झेंडा शिवायला कोण बसणार? गोदामात ४२ चे गठ्ठे होतेच, तेच विकले आणि फडकवले गेले.

या दोन डाकोटांची एक गंमत आहे. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी दोन्ही घोषणापत्रं मुद्दाम उलटसुलट करून, वरचा मजकूर झाकून सह्या केल्या, म्हणजे आधी कोणतं राज्य झालं हे कुणालाच कळू नये. साहजिकच ३९ राज्यांची अमेरिका अशी एक दिवसही नव्हती. तरी ३९ ताऱ्यांचे झेंडे चांगले मिळतात, कारण दोन डाकोटांऐवजी एकच राज्य होईल असं धरून ते शिवले गेले. शिवाय १८७६ च्या स्वातंत्र्य-शताब्दीच्या वेळी, अधिकृत आकडा ३७ असताना, आणखी दोन राज्यं येतील या हिशेबाने काहींनी ३९ तारे छापले होते. प्रत्यक्षात कोलोरॅडो एकटंच आलं. म्हणून ३९ चा झेंडा समोर आला की १८७६ चा की १८८९ चा, हे कापड आणि छपाईवरून ठरवावं लागतं. आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता अनधिकृत आकड्यांची दुर्मिळतेप्रमाणे उतरंड लावू. ४१ सगळ्यांत वर: मोंटाना आणि वॉशिंग्टन यांच्यात तीनच दिवस होते आणि ४१ वर पैज लावायला कुणाला कारण नव्हतं. ४० त्याच्या जवळपास. मग ४७: न्यू मेक्सिको ६ जानेवारी १९१२ ला आणि अ‍ॅरिझोना १४ फेब्रुवारीला आलं, त्यामुळे ४७ चा माल काढण्यात अर्थच नव्हता. ३९ आणि ४२ या उतरंडीच्या तळाशी. अधिकृत असूनही खरोखर दुर्मिळ म्हणावा तर ४३. जाहिरातीत ‘कधीच अधिकृत नव्हता’ हे वाक्य किंमत चढवायला वापरतात. त्याचा दुर्मिळतेशी संबंध नाही.

एकाच आकड्यातही सगळे झेंडे सारखे नसतात. छापलेला, काडीला लावायचा छोटा सुती झेंडा हजारोंनी निघायचा. हाताने शिवलेला लोकरी झेंडा वेगळी गोष्ट आहे. ४२ तारे सहसा सरळ रांगांत, सातच्या सहा किंवा सहाच्या सात. तेच तारे वर्तुळात किंवा मोठ्या ताऱ्याच्या आकारात मांडलेले असतील तर संग्राहक त्यासाठी वेगळी किंमत मोजतात. लहान आकार हाही गुण आहे, कारण भिंतीवर लावता येतो. बारा फुटांचा अस्सल झेंडा बऱ्याचदा स्वस्तात जातो.

आता अस्सलपणाकडे वळू. तारे दोनदा मोजा, एकदा रांगांनी आणि एकदा स्तंभांनी. पिवळ्या पडलेल्या कापडावर एखादा उसवलेला तारा नजरेतून सुटतो. त्यानंतर आकडा काही वेळ विसरून जा आणि कापडाकडे बघा. तारे कुणीही ४२ लावू शकतो. दोरा, टीप आणि रंग यांच्यात लबाडी करणं फार कठीण आहे.

लागणारं सामान: दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, आणि झेंडा सपाट पसरता येईल एवढं स्वच्छ पांढरं कापड अंथरलेलं टेबल. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा; जुन्या विणीत नखही अडकतं.

त्या काळात बाहेर फडकवायचे झेंडे प्रामुख्याने बंटिंग नावाच्या विरळ, हलक्या लोकरी कापडाचे असत. ते लवकर वाळतं आणि मंद वाऱ्यातही उडतं. त्यावरचे तारे मात्र सुती. विरळ लोकरीतून ताऱ्याची टोकं कापली तर ती दुमडण्याआधीच उसवतात, म्हणून तसं केलं जाई. याच जोडणीत अस्सलपणाची एक चांगली खूण दडलेली आहे. कसर लोकर खाते, सूत सहसा सोडते. खऱ्या झेंड्यात कसरीचं भोक ताऱ्याच्या कडेपर्यंत येतं आणि सुतापाशी थांबतं. ताऱ्याभोवती निळी लोकर कुरतडलेली आणि तारा शाबूत, असं दृश्य दिसतं. एकच भोक लोकर आणि सूत दोन्हींतून सरळ आरपार गेलं असेल, त्याची कड गोल किंवा जळकी असेल, तर ते काम किड्याचं नाही, माणसाचं आहे. भिंगाखाली कसरीच्या भोकाच्या कडेचे धागे वेगवेगळ्या लांबीवर तुटलेले दिसतात. कात्रीचे सगळे एका रेषेत असतात आणि सँडपेपरने घासलेल्या धाग्यांना लव उठते.

पट्ट्यांना मशिनची टीप दिसली म्हणून झेंडा बाद करू नका. शिवणयंत्र १८५० च्या दशकापासून झेंडेवाल्यांकडे येऊ लागलं होतं, तेव्हा १८८९-९० च्या झेंड्याचे लांब पट्टे मशिनवरच शिवलेले असणं अगदी स्वाभाविक आहे. तारे मात्र त्या वेळी अजून बरेचसे हाताने लावले जात: कड आत दुमडून बारीक तुरपाई, कोपऱ्यांत टाके जवळ जवळ. काही कारागीर तारा एकाच बाजूला शिवून मागचं निळं कापड ताऱ्याच्या आकारात कापून काढत आणि ती कडही तुरपत. मग तोच तारा दोन्हीकडून दिसतो, पण मागून किंचित लहान. झिगझॅग टिपेने लावलेले तारे साधारणपणे १८९० च्या दशकापासून पुढे रूढ झाले. ४२ ताऱ्यांवर झिगझॅग टीप असणं अशक्य नाही, पण तिथे थांबून बाकी सगळं दुप्पट बारकाईने बघावं.

यामागे एक ठरावीक बनवेगिरी असू शकते. १९१२ ते १९५९ असा दीर्घ काळ चाललेला ४८ ताऱ्यांचा झेंडा आठ ताऱ्यांच्या सहा रांगांचा आहे आणि ढिगाने मिळतो. त्याचा एक उभा स्तंभ कापून टाकला की सात ताऱ्यांच्या सहा रांगा राहतात, म्हणजे बरोबर ४२. कापणं सोपं दांड्याच्या बाजूने: दांड्याकडच्या कडेची जुनी पट्टी उसवायची, तारे असलेला एक स्तंभ छाटायचा, पट्टी परत शिवायची. पण पट्टे कापताना तेही तेवढेच आखूड होतात, आणि मोजमाप खोटं बोलत नाही. १९१२ च्या आदेशाप्रमाणे झेंड्याची उंची १ धरली तर लांबी १.९ आणि निळ्या चौकोनाची रुंदी ०.७६. ३६ इंच उंचीच्या झेंड्यात हा चौकोन सुमारे २७.४ इंच रुंद येतो. एक स्तंभ गेल्यावर साधारण २४ उरतो. हा आदेश सरकारी झेंड्यांसाठी होता आणि खासगी कारखाने तो काटेकोर पाळत नसत, म्हणून एकट्या मापावर निकाल देऊ नका. चौकोनाच्या डाव्या-उजव्या कडेपासून पहिल्या ताऱ्यापर्यंतची जागा मोजा. दोन्हीकडे सारखी हवी. दांड्याकडची जागा अर्ध्या इंचानेही वेगळी पडली, पट्टीलगत टिपेची जुनी रिकामी भोकं दिसली आणि तारे झिगझॅगने लावलेले असले, तर झेंडा ४८ चाच आहे.

तारा वाढवण्याचा किंवा काढण्याचा प्रकार याहून जुना आहे, आणि तो नेहमी फसवाफसवीचा नसतो. झेंडा महाग वस्तू होती. नवं राज्य आलं की घरोघर आणि जहाजावर जुन्याच झेंड्यावर तारा चढवत. असा प्रामाणिक बदल बऱ्याचदा मोकळ्या जागेत, रांग मोडून बसवलेला असतो, आणि त्याचा दोराही बाकीच्याइतकाच विटलेला असतो. काढलेला तारा मात्र मागे सावली ठेवून जातो: त्याच्याखालचं निळं ऊन न लागल्यामुळे गडद राहतं आणि पाच टोकांचा पूर्ण आकार कापडात उमटून दिसतो, भोवती टाक्यांची भोकं. झेंडा खिडकीसमोर धरून बघितला की हे चटकन दिसतं. आणि तसंही, नुकत्याच लावलेल्या ताऱ्याखाली निळं बाकीच्या चौकोनासारखंच विटलेलं असेल, तर तो तारा झेंडा जुना झाल्यावर आला.

जुनेपणाचा सोंगाचा रंग म्हणजे चहा. चहात बुडवलेला झेंडा सगळीकडे एकसारखा तपकिरी होतो, आणि मुख्य म्हणजे शिवणीच्या आतही. खऱ्या झेंड्याची दुमड हलक्या हाताने उघडून बघा: आतलं लाल अजून ताजं, आतलं पांढरं बाहेरच्यापेक्षा उजळ. धूळ घडीच्या रेषांवर साठते. झीज मोकळ्या टोकाला जास्त, कारण फडफडताना तेच फटकारे खातं; दांड्याकडे कमी. दोरी ओवायच्या पितळी कडीभोवती हिरवट वर्तुळ आणि लोखंडी खिळ्याच्या जागी गंजाचा डाग कापडाच्या दोन्ही बाजूंना हवा. पोलादी कड्या दिसल्या तर दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा काळ डोक्यात धरा. झीज झेंडाभर सारखी वाटली गेली असेल, तर ती घडवलेली आहे.

अतिनील टॉर्चबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. साबणात आणि कापडात घातले जाणारे चकाकीचे पदार्थ १९४० च्या दशकापासून सर्वत्र झाले. ते अंधारात अतिनील उजेडाखाली निळसर पांढरे लखलखतात. म्हणून लखलखणारा झेंडा नकली, असा नियम लोक लावतात. पण १८९० चा अस्सल झेंडा कुणी पन्नास वर्षांपूर्वी बाजारातल्या पावडरने धुतला असेल तर तोही लखलखेल. फरक शिवणीत सापडतो. धुण्यातून आलेली चकाकी पृष्ठभागावर जास्त आणि दाट दुमडीच्या आत कमी असते. दोऱ्यातच चकाकी असेल तर दोन टाक्यांच्या मध्ये, कापडाखाली दबलेला भागही तितकाच उजळतो. शिवाय लोकर आणि रेशीम स्वतःही थोडे फिकट उजळतात; त्याला घाबरायचं कारण नाही. सगळा झेंडा शांत आणि एकाच ताऱ्याचा दोरा पेटल्यासारखा दिसला, तर तो तारा नंतरचा.

सुटलेला, आधीच लोंबणारा तंतू मिळाला तर जाळून बघा. टाका कधी तोडू नका. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. झेंड्यात पॉलिएस्टरचा दोरा म्हणजे तो भाग तरी १९५० नंतरचा. नायलॉनचे झेंडेही महायुद्धानंतरचेच.

छापील झेंड्यांना हे सगळं लागू होत नाही, कारण त्यांत शिवण जवळजवळ नसतेच. ते खळ दिलेल्या पातळ सुती कापडावर किंवा रेशमावर एका बाजूने छापून, कडा न दुमडता कापलेले असत. भिंगाखाली जुना रंग धाग्याच्या आत मुरलेला दिसतो, कडेला आडव्या धाग्यांवरून थोडा ओघळलेला. लाल आणि निळा वेगवेगळे छापले जात, म्हणून निळा चौकोन आणि पट्टे जुळतात तिथे कुठे पांढरी फट, कुठे जांभळट चढाओढ दिसली तर ती चांगली खूण. रंग धाग्यांच्या माथ्यावर पापुद्र्यासारखा आणि विणीच्या खोलगट जागी पांढरं राहिलं असेल तर ती अलीकडची स्क्रीन छपाई. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या बारीक ठिपक्यांचा सडा दिसला तर संगणकाचा प्रिंटर. पुढे बघण्याची गरज नाही. काडीला ठोकलेल्या झेंड्याच्या कडेला बारीक खिळ्यांच्या भोकांत गंज असतो. काडी नवी आणि भोकं स्वच्छ असतील तर विचारा.

रेशमी झेंडे उभ्या चिरा पडून फाटलेले दिसले तर दचकू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार पाजत, आणि तेच पुढे धागा तोडतात. इतकी चिरफाळलेली वस्तू नकली करणाऱ्याला मुद्दाम करायला जमत नाही.

निवडणुकीच्या उमेदवाराचं नाव किंवा चित्र वर छापलेला झेंडा असेल, तर किंमत अनेक पट चढते, आणि म्हणून अस्सल साध्या झेंड्यावर नवी छपाई करून विकण्याचा मोह होतो. इथे झेंडा खरा निघाला तरी छपाईची वेगळी परीक्षा घ्या. घडीच्या झिजलेल्या रेषेवर शाई कशी वागते ते बघा. आधी छापून मग घडी पडली असेल तर शाई रेषेवर तुटून झिजलेली दिसते. आधी घडी आणि मग छपाई असेल तर शाई झिजेच्या खळग्यात उतरलेली किंवा डागावर चढलेली सापडते.

दांड्याकडच्या पट्टीवरचे शिक्के वाचा. फुटांतला आकार, कारखान्याचं नाव, कधी मालकाचं नाव शाईने. लोवेल, मॅसॅच्युसेट्स इथल्या जॉन होल्ट यांच्या १८७० च्या पेटंटचा उल्लेख असलेले लोकरी झेंडे सापडतात. त्यांत तारे शिवलेले नसून कापड साच्यात दाबून रंग रोखून पांढरे ठेवलेले असतात, तेव्हा ‘शिवलेले तारे नाहीत म्हणजे नकली’ हा तर्क इथे चालत नाही. पट्टीवर शिवलेलं लेबल काढल्याची चार कोपऱ्यांची खूण दिसली तर संशय घ्या: अमेरिकेत १९६० पासून कापडी मालावर तंतूचा प्रकार लिहिणं बंधनकारक झालं आणि नवी प्रतिकृती जुनी करताना ते लेबल सगळ्यांत आधी उसवलं जातं.

घराण्याच्या गोष्टीला पुरावा धरू नका. ४२ ताऱ्यांचा झेंडा अमेरिकेच्या यादवी युद्धात फडकला असं सांगितलं तर तो हिशेबच बसत नाही. त्या युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईच्या दिवसांत, १ ते ३ जुलै १८६३, अधिकृत तारे ३४ होते आणि पस्तिसावा दुसऱ्या दिवशी चढला. मोठ्या संग्रहालयांनाही अशा गोष्टींनी चकवलं आहे. बेनिंग्टनचा ‘७६’ लिहिलेला प्रसिद्ध झेंडा स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७७ च्या लढाईतला म्हणून ओळखला गेला, पण त्याचं कापड एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवतं.

जाता जाता १३ ताऱ्यांबद्दल, कारण गोंधळाचं मोठं घर तेच आहे. १३ तारे म्हणजे सुरुवातीची १३ राज्यं, म्हणून झेंडा अठराव्या शतकातला, असं बिलकुल नाही. नौदलाच्या छोट्या होड्यांवर १३ ताऱ्यांचे झेंडे विसाव्या शतकात, १९१६ पर्यंत होते, कारण लहान झेंड्यावर चाळीसेक तारे दुरून ओळखू येत नाहीत. १८७६ आणि १९२६ च्या उत्सवांसाठीही ते भरपूर निघाले. अमेरिकेचा पहिला झेंडा बेट्सी रॉस यांनी शिवला ही कथाच मुळी त्यांच्या नातवाने १८७० मध्ये जाहीरपणे मांडली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या नात आणि पणती फिलाडेल्फियात छोटे रेशमी १३ ताऱ्यांचे झेंडे शिवून विकत असत; ते आज मागणीचे आहेत, पण त्यांचं वय शंभरेक वर्षांचं आहे, अडीचशेचं नाही.

या सगळ्यानंतर तुमचा झेंडा अस्सल वाटला तर आधी धुवू नका, इस्त्री फिरवू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी किंवा गोंद लावू नका. लोकरीत कसर जिवंत असण्याची शंका असेल तर झेंडा कागदात, मग हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी थेट कापडावर उतरतं. नंतर आम्लमुक्त कागद गुंडाळलेल्या जाड नळीवर न ताणता गुंडाळा. चौकटीत लावायचा असेल तर काच कापडाला टेकू देऊ नका, आणि झेंडा आधारकापडावर टाके घालून बसवा, कड्यांत दोरी ओवून टांगू नका. शंभर वर्षं वारा सोसलेली ती पट्टी स्वतःच्या वजनानेही सुटते.